जॉन मॅक्लेन्डन : एका लहान महाविद्यालयातील बास्केटबॉल-प्रशिक्षकाची कारकीर्द

१

खेळांचा इतिहास हा पुष्कळदा विजेत्यांच्या नामावलीचा इतिहास होऊन बसतो. कोणत्या वर्षी कोणत्या संघाने करंडक जिंकला आणि कोणत्या खेळाडूने किती गुण मिळविले, याची नोंद वृत्तपत्रे तत्परतेने ठेवतात. पुढे त्याच नोंदी इतिहासाची साधने ठरतात. खेळाडू घडविणारा शिक्षक या नोंदींत क्वचित आढळतो, आणि तो जर एखाद्या लहान, साधनहीन व उपेक्षित महाविद्यालयात काम करीत असेल, तर बहुधा आढळतच नाही. अशा शिक्षकाची कारकीर्द इतिहासाचा विषय होऊ शकते काय, व झाल्यास तिच्यातून समाजेतिहासाविषयी काय हाती लागते, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे.

या प्रश्नाच्या विवेचनास जॉन बी. मॅक्लेन्डन (१९१५–१९९९) या अमेरिकन प्रशिक्षकाचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते. मॅक्लेन्डन कृष्णवर्णीय होता. त्याच्या कारकीर्दीचा महत्त्वाचा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील, केवळ कृष्णवर्णीयांसाठी चालविलेल्या लहान महाविद्यालयांत गेला. त्याच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण सामन्याची वार्ता त्या काळच्या एकाही वृत्तपत्रात छापली गेली नाही, आणि ती नोंद न होणे हा अपघात नव्हता. महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला होता. दास्यमुक्तीनंतरही त्या देशात पृथक्करणाची जी नवी भिंत उभी राहिली, तिच्या छायेत मॅक्लेन्डनची कारकीर्द घडली.

२

बास्केटबॉलचा उगमच मुळी एका लहान शिक्षणसंस्थेत झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. ची प्रशिक्षणशाळा होती. डिसेंबर १८९१ मध्ये तेथील तरुण शिक्षक जेम्स नॅस्मिथ याने, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीवर टांगून हा खेळ सुरू केला आणि त्याचे १३ नियम लिहून काढले. पुढे याच परंपरेतील हॅरी क्रो बक याने १९२० मध्ये मद्रास येथे वाय. एम. सी. ए. ची शारीरिक शिक्षणाची संस्था स्थापन केली. भारतातील शारीरिक शिक्षकांच्या पहिल्या पिढ्यांपैकी अनेकजण तेथे तयार झाले. मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट याने १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘नागपाडा नेबरहुड हाउस’च्या परिसरात हा खेळ रुजला, आणि त्याच नागपाड्यातील गुलाम अब्बास मुन्तसिर पुढे भारतीय संघाचा कर्णधार होऊन १९७० च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. म्हणजे महाराष्ट्रातील बास्केटबॉल आणि मॅक्लेन्डनचे बास्केटबॉल यांचे मूळ एकच होय.

नॅस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला. तेथील संघाचा तो पहिला प्रशिक्षक. त्याच्या कारकीर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले, आणि त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत पराभव अधिक व विजय थोडे अशी नोंद असलेला तो एकटाच मानला जातो. खेळाच्या जनकाच्या नावावर असा हिशेब असावा, यात एक विनोद आहे खरा. परंतु त्यात नॅस्मिथची दृष्टीही प्रतिबिंबित झाली आहे. खेळ हे त्याच्या लेखी चारित्र्यशिक्षणाचे साधन होते. जय-पराजयाला त्याने दुय्यम स्थान दिले होते.

मॅक्लेन्डनचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायावाथा या गावी झाला. १९३३ मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमास दाखल झाला, आणि वडिलांच्या सल्ल्याप्रमाणे थेट नॅस्मिथकडे जाऊन त्याने त्याचे मार्गदर्शन मागितले. नॅस्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेला प्राध्यापक होता. त्याने या विद्यार्थ्याचा स्वीकार केला. परंतु विद्यापीठाच्या संघात मॅक्लेन्डनला प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीयाला वर्गात बसून पदवी घेता येई; विद्यापीठाचा गणवेश अंगावर घालून बास्केटबॉल खेळता येत नसे. त्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५१ मध्ये. याचा अर्थ असा की, खेळाच्या जनकाकडून जो विद्यार्थी तो खेळ प्रत्यक्ष शिकला, त्यालाच त्या जनकाच्या विद्यापीठात तो खेळण्याची मनाई होती.

पोहण्याच्या तलावाचा प्रसंगही याच काळातला. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते. मात्र तलाव कृष्णवर्णीयांना बंद होता. मॅक्लेन्डन पाण्यात उतरला, तेव्हा मागाहून तलावातील सर्व पाणी सोडून देण्यात आले. त्याने माघार घेतली नाही. नॅस्मिथचा पाठिंबा त्याला होता, आणि अखेरीस तलाव सर्वांना खुला करावा लागला. एका माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते ही कल्पना महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ मधील सत्याग्रह जाणणाऱ्या वाचकाला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९३६ मध्ये मॅक्लेन्डन पदवीधर झाला. त्या विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पुरे करून १९३७ मध्ये तो नोकरीसाठी दक्षिणेकडे निघाला.

३

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथे जेम्स शेपर्ड याने १९१० मध्ये स्थापन केलेली एक शिक्षणसंस्था होती. तिला पुढे राज्याचे साहाय्य मिळून १९२५ मध्ये ‘नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर नीग्रोज’ असे नाव मिळाले. मॅक्लेन्डन तेथे प्रथम साहाय्यक म्हणून रुजू झाला व १९४० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला. १९५२ पर्यंतची त्याची सेवा याच महाविद्यालयात झाली.

अशा महाविद्यालयांचे स्थान नीट ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘पृथक पण समान’ हे तत्त्व मान्य केले होते. व्यवहारात ‘पृथक’ तेवढे कसोशीने पाळले गेले. ‘समान’ कागदावरच राहिले. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना निधी अपुरा मिळे, त्यांच्या संघांना गोऱ्यांच्या महाविद्यालयांशी सामने खेळता येत नसत, आणि राष्ट्रीय स्पर्धांची दारे त्यांना बंद होती. त्यांच्या स्पर्धा त्यांच्याच १९१२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरमहाविद्यालयीन संघटनेत होत. दुय्यम राहावीत अशीच या संस्थांची रचना होती.

मॅक्लेन्डनच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, या दुय्यम मानलेल्या स्थळी त्याने खेळाचे स्वरूपच पालटून टाकले. त्या काळी प्रस्थापित महाविद्यालयांतील बास्केटबॉल संथ गतीचे होते. चेंडू सावकाश पुढे न्यावयाचा, ठरावीक जागी उभे राहून एकमेकांकडे द्यावयाचा आणि निवांत संधी साधून टोपलीत टाकावयाचा, अशी रीत होती. चेंडू जेथे असेल तेथे खेळ असतो, ही नॅस्मिथची शिकवण मॅक्लेन्डनने शब्दशः घेतली व संपूर्ण मैदान खेळाचे क्षेत्र मानले. चेंडू हाती येताच प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी धावून जाणे, म्हणजे ‘फास्ट ब्रेक’, आणि चेंडू गमावताच मैदानभर प्रतिपक्षाला अडविणे, ही त्याच्या पद्धतीची दोन मुख्य अंगे होत. त्यासाठी दमसास हवा, म्हणून तो खेळाडूंना हंगामापूर्वी मैलोगणती धावावयास लावी. आघाडी मिळाल्यावर चार कोपऱ्यांत खेळाडू पसरवून चेंडू राखण्याची युक्तीही त्यानेच प्रथम योजिली असे मानले जाते. पुढे ती ‘फोर कॉर्नर्स’ या नावाने गाजली, पण दुसऱ्यांच्या हातून. आपल्या पद्धतीचे शास्त्रशुद्ध विवेचन करणारा ग्रंथ त्याने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला.

या पद्धतीच्या बळावर डरहॅमच्या संघाने संघटनेचे अजिंक्यपद आठ वेळा मिळविले. १९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे त्या संघटनेची पहिली बाद फेरीची स्पर्धा भरली, तिच्या संयोजकांतही मॅक्लेन्डन प्रमुख होता. परंतु या यशाला एक मर्यादा होती. गोऱ्या संघांशी सामना होत नसल्याने हे बास्केटबॉल खरोखर किती श्रेष्ठ आहे, हे ठरविण्याचे मापच उपलब्ध नव्हते. पृथक्करणाने केवळ संधी नाकारली असे नव्हे. तुलनेचा पुरावाही नाकारला.

४

हा पुरावा एकदाच, आणि तोही चोरून, निर्माण झाला. डरहॅममध्येच ड्यूक हे गोऱ्यांचे संपन्न विद्यापीठ होते. युद्धकाळात त्याच्या वैद्यक महाविद्यालयात लष्करी योजनेखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक बास्केटबॉल संघ होता. निरनिराळ्या महाविद्यालयांत नाव कमावलेले खेळाडू त्यात असल्याने तो अत्यंत प्रबळ समजला जाई. वाय. एम. सी. ए. च्या निमित्ताने दोन्ही संस्थांचे काही विद्यार्थी गुप्तपणे एकत्र जमत. त्या बैठकांत उत्कृष्ट संघ कोणता असा वाद निघाला, आणि त्यातून सामन्याची कल्पना पुढे आली.

रविवार, १२ मार्च १९४४ चा सकाळचा समय निवडला गेला. कारण त्या वेळी शहरातील बहुतेक लोक, पोलीसही, चर्चमध्ये असत. ड्यूकचे खेळाडू उसन्या मोटारींतून आडवळणाने आले आणि डोक्यावर कोट ओढून व्यायामशाळेत शिरले. दारे आतून बंद करण्यात आली. प्रेक्षक नव्हते, घड्याळ व पंच मात्र होते, म्हणजे सामना नियमानुसारच व्हावयाचा होता. आरंभी दोन्ही संघ बावरलेले होते. थोड्याच वेळात मॅक्लेन्डनच्या संघाला आपली गती सापडली. अंतिम गुणसंख्या ८८ विरुद्ध ४४ अशी झाली. विजय डरहॅमच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा होता.

त्यानंतर जे घडले ते त्याहूनही लक्षणीय आहे. दोन्ही संघांतील खेळाडू आपसांत वाटून घेऊन दोन मिश्र संघ करण्यात आले व दुसरा डाव खेळला गेला. पहिल्या डावाने श्रेष्ठत्वाचा प्रश्न सोडविला, दुसऱ्याने तो प्रश्नच अप्रस्तुत ठरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

या साहसातील धोका काल्पनिक नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये याच डरहॅम शहरात बसमधील बैठकीवरून झालेल्या वादात एका कृष्णवर्णीय सैनिकाला बसचालकाने गोळी घालून ठार केले, आणि खटल्यात तो चालक निर्दोष सुटला. सामन्याची बातमी फुटली असती तर मॅक्लेन्डनची नोकरी तर गेलीच असती. खेळाडूंच्या जिवावरही बेतले असते. शहरातील कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचा एक वार्ताहर या गोष्टीचा जाणकार होता. त्याने मौन पाळले. गुणपत्रक कोठे छापले गेले नाही. हे मौन बावन्न वर्षे टिकले. १९९६ मध्ये इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ याने हयात खेळाडूंच्या व स्वतः मॅक्लेन्डनच्या मुलाखती घेऊन ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत हा वृत्तान्त प्रथम सविस्तर मांडला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक पद्धतिविषयक धडा मिळतो. समकालीन लेखी साधन नाही, म्हणून घटना घडलीच नाही असे अनुमान काढण्याची आपल्याला सवय असते. परंतु जेथे नोंद करणे हाच धोका होता, तेथे नोंदीचा अभाव हा स्वतःच त्या समाजस्थितीचा पुरावा ठरतो. अशा ठिकाणी स्मृतींची साक्ष घ्यावी लागते. अर्थात अनेकांच्या आठवणी परस्परांशी ताडून पाहूनच.

५

१९५२ मध्ये मॅक्लेन्डनने डरहॅम सोडले. दोन वर्षे हॅम्प्टन येथे काढून १९५४ मध्ये तो नॅशव्हिल येथील ‘टेनेसी ए. अँड आय.’ या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत गेला. तोपर्यंत परिस्थिती थोडी पालटली होती. लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने १९४८ मध्ये आपल्या स्पर्धेतील कृष्णवर्णीय खेळाडूंवरील बंदी उठविली होती, आणि १९५३ पासून कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनाही तिच्यात प्रवेश मिळू लागला होता. हा प्रवेश मिळविण्यासाठी ज्यांनी चिकाटीने पत्रव्यवहार व वाटाघाटी केल्या, त्यांत मॅक्लेन्डन अग्रभागी होता. स्पर्धा कॅन्सस सिटी येथे भरत असे. आपल्या खेळाडूंना इतर संघांप्रमाणेच शहरातील मुख्य हॉटेलांत उतरता आले पाहिजे, अशी त्याची अट होती, आणि ती मान्य करून घेऊनच तो संघ घेऊन गेला.

१९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याच्या संघाने ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सर्व वर्णांना खुली असलेली राष्ट्रीय स्पर्धा कृष्णवर्णीय महाविद्यालयाने जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणारा मॅक्लेन्डन हा पहिला प्रशिक्षक. बंद दारांआड १९४४ मध्ये जे सिद्ध झाले होते, ते आता सर्वांसमक्ष सिद्ध झाले.

यापुढील कारकीर्द मात्र एकसारखी चढती नाही. १९६१ मध्ये क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाचा तो प्रशिक्षक झाला. व्यावसायिक बास्केटबॉलमधील पहिल्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांपैकी तो एक होय. परंतु मालकाशी मतभेद होऊन जानेवारी १९६२ मध्ये त्याने ते पद सोडले. केंटकी स्टेट येथे काही वर्षे काढल्यावर १९६६ मध्ये क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाने त्याची नेमणूक केली. बहुसंख्य विद्यार्थी गोरे असलेल्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक होणारा तो पहिला कृष्णवर्णीय. येथे तीन हंगामांत २७ विजय व ४२ पराजय असा हिशेब झाला. १९६८ च्या ऑलिंपिक संघाच्या प्रशिक्षकवर्गात त्याचा समावेश होता. १९६९ मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाने २८ सामन्यांनंतर त्याला दूर केले. त्यानंतर त्याने पादत्राणे बनविणाऱ्या एका कंपनीसाठी खेळाच्या प्रसाराचे काम दीर्घकाळ केले. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी त्याचे निधन झाले.

येथे एक विरोधाभास नजरेत भरतो. मॅक्लेन्डनला ‘पहिला’ ही पदवी मिळवून देणाऱ्या नेमणुका मोठ्या संस्थांतील होत्या. पण त्याचे खरे कार्य लहान संस्थांत झाले. दारे उघडली तेव्हा त्याच्या उमेदीची वर्षे सरली होती, आणि उघडलेल्या दारांआड त्याला मिळालेले संघ दुर्बळ होते. त्याला मिळालेल्या मान्यतेचा क्रमही याच गोष्टीची साक्ष देतो. स्प्रिंगफील्ड येथे नॅस्मिथच्या नावाने जे बास्केटबॉलचे सन्मानदालन आहे, तेथे १९७९ मध्ये त्याचे नाव ‘खेळास हातभार लावणारा’ म्हणून घेतले गेले. ‘प्रशिक्षक’ म्हणून ते घेण्यास २०१६ साल उजाडावे लागले. तोवर त्याच्या मृत्यूला सतरा वर्षे झाली होती.

६

या कारकीर्दीशी तुलना करण्यासारखे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे पाळवणकर बाळू यांचे. ते प्रशिक्षक नव्हते, गोलंदाज होते. पण बहिष्काराची रीत ताडून पाहण्यास ते उपयोगी पडते. चर्मकार कुटुंबात १८७६ मध्ये जन्मलेल्या बाळूंनी पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याची नोकरी करता करता गोलंदाजी साधली. तेथे त्यांनी साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकले. फलंदाजीची संधी त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. पुढे पुण्यातील हिंदूंच्या संघाने त्यांना खेळविले. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

दोन्ही उदाहरणांतील भेद बोधप्रद आहे. बाळूंना मैदानावर प्रवेश होता, पंक्तीत नव्हता. मॅक्लेन्डनला वर्गात प्रवेश होता, मैदानावर नव्हता. बहिष्काराची रेषा प्रत्येक समाज आपापल्या सोयीने ओढतो, पण तत्त्व एकच असते: गुणाचा उपयोग करून घ्यावा, गुणवंताला बरोबरी देऊ नये. मात्र मॅक्लेन्डनजवळ एक गोष्ट होती, जी बाळूंजवळ नव्हती. ती म्हणजे स्वतःची संस्था. बाळूंची विद्या त्यांच्या बंधूंपुरती वारशाने गेली. मॅक्लेन्डनची विद्या महाविद्यालयाच्या द्वारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली व तेथून साऱ्या खेळात पसरली. आज वेगवान बास्केटबॉल हे त्या खेळाचे सर्वमान्य रूप झाले आहे. त्याचा एक मोठा प्रवाह डरहॅमच्या त्या साध्या व्यायामशाळेतून वाहत आला, हे विसरता येत नाही. उपेक्षेसाठी निर्माण केलेली संस्था ज्ञाननिर्मितीचे केंद्र कशी होऊ शकते, हे या चरित्राचे सार होय.

महाराष्ट्रातील लहान महाविद्यालयांतूनही शारीरिक शिक्षणाचे संचालक पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, पिंपळे गुरवसारख्या एके काळच्या पवनाकाठच्या खेड्यांच्या आसमंतात जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांचा इतिहास अजून माणसांच्या आठवणीत आहे. जिमखान्याच्या हजेरीपुस्तकांत, वार्षिक अंकांतील अर्ध्या पानाच्या अहवालांत, निवृत्त शिक्षकांच्या व जुन्या खेळाडूंच्या बोलण्यात तो विखुरलेला आहे. गावाहून आलेला, कारखान्यातील कामगाराचा किंवा शेतकऱ्याचा मुलगा कोणाच्या सांगण्यावरून मैदानावर उतरला, कोणाला संघात घेतले गेले व कोणाला वगळले गेले, याची साक्ष देणारी माणसे हयात आहेत तोवरच ती घेतली पाहिजे. डरहॅमच्या सामन्याची साक्ष बावन्न वर्षांनी मिळाली, कारण ती देणारे काहीजण तोपर्यंत जगले. प्रत्येक लहान महाविद्यालयाच्या बाबतीत हा योग जुळून येईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.